राउटर बदलल्यापासून प्रिंटर वायफायला जोडत नाही

कोयनाकाठ

प्रिंटर इंक टँकवाला ऑल-इन-वन, पाच वर्षांचा. स्क्रीन नाही, नुसती बटणं आणि दिवे. मागच्या आठवड्यात फायबरची कंपनी बदलली, त्यांनी नवा राउटर बसवला. तेव्हापासून वायफायचा निळा दिवा लुकलुकतोय, स्थिर होत नाही.

आतापर्यंत करून पाहिलेलं: प्रिंटर आणि राउटर दोन्ही बंद-चालू केले. फोनवरच्या ॲपमधून नव्याने जोडणी केली. ॲपला प्रिंटर सापडतो, पासवर्डही घेतलं जातं, मग दोन-तीन मिनिटं चक्र फिरतं आणि जोडता आलं नाही असा संदेश येतो. पासवर्ड बरोबर आहे, त्याच पासवर्डवर बाकी सगळं चालू आहे. लॅपटॉपवरून (विंडोज ११) प्रिंटर काढून परत घातला, उपयोग नाही. यूएसबी केबल लावली की छपाई अगदी व्यवस्थित होते.

एक फरक दिसतो. जुन्या राउटरची दोन नावं दिसायची, एकाच्या शेवटी ५जी असायचं. नव्याचं एकच नाव दिसतं.

दुरुस्तीवाल्याचं म्हणणं, वायफायचा बोर्ड गेलाय, बदलावा लागेल. खरंच तसं असेल का? केबलवर काम भागतंय, पण घरात दोन अँड्रॉइड फोन आणि एक आयपॅड आहे, छपाई बहुतेक त्यांच्यावरूनच होते.

तारतम्य

बोर्डावर आत्ताच पैसे घालू नका. राउटर बदलला त्याच दिवशी बोर्डही जायचा, असा योगायोग क्वचितच घडतो. बोर्ड शाबूत आहे का, हे घरबसल्या पाहता येतं. प्रिंटर चालू ठेवून फोनमध्ये वायफायची यादी उघडा. बहुतेक प्रिंटर स्वतःचंही एक वायफाय नाव हवेत सोडतात, सुरुवातीला ‘डायरेक्ट’ आणि पुढे मॉडेलचं नाव. ते नाव यादीत दिसलं तर रेडिओ जिवंत आहे. नुसतं ‘ॲपला सापडतो’ एवढ्यावर विसंबू नका, काही मॉडेलं त्या पायरीला ब्लूटूथ वापरतात. नाव दिसलं नाही तरी लगेच घाबरायचं कारण नाही, काही मॉडेलांत ही सोय बंद करून ठेवलेली असते.

त्यानंतर प्रिंटरकडून नेटवर्कचं पान छापून घ्या. स्क्रीन नसलेल्या मॉडेलांत बहुधा माहितीचं बटण (गोलात आय हे अक्षर) पाचेक सेकंद दाबून धरावं लागतं, काहींत ते आणि वायफायचं बटण एकदम. नेमकी जोडी मॅन्युअलमध्ये असते. एवढं एक पान हातात आलं की निम्मं काम झालं, कारण त्यावरून दुखणं कुठल्या टोकाला आहे ते कळतं: प्रिंटर आणि राउटरच्या मध्ये, की राउटर आणि लॅपटॉपच्या मध्ये. दोन्हींचे उपाय पूर्ण वेगळे आहेत, आणि लोक पहिल्या दुखण्यावर दुसऱ्याचं औषध लावत बसतात. तुम्ही लॅपटॉपवरून प्रिंटर काढून परत घातलात, तो याच प्रकारात मोडतो. दिवा लुकलुकत असताना लॅपटॉपचा काही संबंधच नसतो.

पानावर आयपी पत्ता (घरच्या नेटवर्कवर उपकरणाला मिळालेला आकड्यांचा पत्ता) शोधा.

०.०.०.० किंवा कोरं असेल तर प्रिंटर राउटरपर्यंत पोचलेलाच नाही.

१६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरकडून पत्ता मिळाला नाही, म्हणून प्रिंटरने स्वतःच एक घेऊन ठेवलाय.

१९२.१६८ ने सुरू होत असेल तर तिसरा आकडा पाहा. लॅपटॉपच्या पत्त्यातला तिसरा आकडा तोच असायला हवा.

वायफायचं नाव आणि मॅक पत्ता (उपकरणाचा स्वतःचा ओळख क्रमांक, दोन-दोन अक्षरांच्या सहा जोड्या) त्याच पानावर असतात. मॅक पत्ता लिहून ठेवा, पुढे लागेल.

आणि कळकळीची एक विनंती. इंकजेट प्रिंटर भिंतीवरच्या बटणाने बंद करू नका. आधी त्याचं स्वतःचं बटण दाबा, आत घरघर थांबून दिवा विझू द्या, मगच मागचा पुरवठा बंद करा. हेड आपल्या जागी जाऊन झाकलं जायला ते काही सेकंद लागतात. मध्येच वीज तोडली तर हेड उघडं राहून वाळतं, आणि पुढच्या वेळी चालू करताना सफाईत शाई जाते. जोडणीच्या खटपटीत हे दिवसातून दहादा होतं, आणि वायफाय सुधारेपर्यंत काळ्या रंगात पांढऱ्या रेघा यायला लागलेल्या असतात.

सांधेजोड

लक्षणांवरून मला राउटरच्या सुरक्षा-सेटिंगचा संशय येतो.

घरगुती प्रिंटरांत, विशेषतः स्वस्त आणि टँकवाल्यांत, वायफायची चिप जुन्या पिढीची असते. वायफायच्या २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन पट्ट्यांपैकी फक्त २.४, आणि सुरक्षेत डब्ल्यूपीए-२ (पासवर्ड-सुरक्षेची जुनी पिढी) पर्यंतच मजल. डब्ल्यूपीए-३ आलं २०१८ मध्ये, पण त्यानंतरही बरीच वर्षं अशा प्रिंटरांत जुनीच चिप बसत राहिली. नवे राउटर मात्र डब्ल्यूपीए-३ किंवा २ आणि ३ मिश्र लावून येतात. नुसतं ३ असेल तर प्रिंटर जोडला जाणं शक्यच नाही. मिश्र असेल तर नियमाने जोडला जायला हवा, पण काही जुन्या चिपा तिथेही अडखळतात. पासवर्ड बरोबर असूनही शेवटी ‘जोडता आलं नाही’ येतं ते यामुळे.

हे करा:

१. लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता उघडा. बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. राउटरच्या पोटाखालच्या स्टिकरवर पत्ता, युजर आणि पासवर्ड छापलेले असतात. (पत्ते इथे देवनागरीत लिहिलेत, टाइप इंग्रजी आकड्यांतच करायचे.)

२. वायरलेसमध्ये २.४ गिगाहर्ट्झचा भाग उघडा. सुरक्षा: डब्ल्यूपीए-२ पीएसके. एन्क्रिप्शन: एईएस. टीकेआयपी घेऊ नका.

३. ‘प्रोटेक्टेड मॅनेजमेंट फ्रेम्स’ किंवा पीएमएफ असा पर्याय दिसला आणि तो ‘रिक्वायर्ड’वर असला तर ‘ऑप्शनल’ किंवा बंद करा.

४. चॅनेल ‘ऑटो’ असेल तर ते काढून १, ६ किंवा ११ यांपैकी एक द्या. भारतात १३ पर्यंतची चॅनेलं चालतात, पण काही उपकरणं ११ च्या पुढे बघतच नाहीत. ऑटोवर असलेला राउटर एखाद्या दिवशी १२ किंवा १३ वर गेला की प्रिंटरच्या दृष्टीने घरात वायफायच उरत नाही. रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा.

५. मोडमध्ये एएक्स असेल तर २.४ पुरतं बी/जी/एन निवडा. वाय-फाय ६ चा सिग्नल काही जुन्या उपकरणांना ओळखू येत नाही.

६. ‘बँड स्टीअरिंग’ किंवा ‘स्मार्ट कनेक्ट’ (दोन्ही पट्टे एकाच नावाखाली चालवणारी सोय) बंद करून २.४ आणि ५ ला वेगवेगळी नावं द्या.

सगळ्यात सोपी युक्ती मुद्दाम शेवटी ठेवलीय. २.४ ला जुन्या राउटरचंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्या, अक्षरन् अक्षर, लहान-मोठी लिपी आणि मोकळ्या जागांसकट. प्रिंटरच्या स्मरणात ते आहेच. सुरक्षेचा प्रकार जुळला की तो आपणहून जोडला जातो, ॲपची गरजच पडत नाही. स्क्रीन नसलेल्या प्रिंटरसाठी याहून कमी कष्टाचा मार्ग मला माहीत नाही.

निळी_वायर

सांधेजोड यांच्या सहाव्या मुद्द्याला थोडी पुस्ती. एकच नाव असणं हा प्रिंटरसाठी मुळात अडथळा नाही. त्याला ५ गिगाहर्ट्झ ऐकूच येत नाही, तो २.४ चाच सिग्नल पकडतो. अडचण फोनच्या बाजूने येते. जोडणी करताना फोन ५ वर असला तर काही ॲपं पुढे सरकत नाहीत. त्यामुळे नावं कायमची वेगळी ठेवायलाच हवीत असं नाही, जोडणी होईपर्यंत ठेवली तरी चालतं. जमत नसेल तर जोडणीच्या वेळी फोन घेऊन राउटरपासून दोन खोल्या लांब जा. भिंती आडव्या आल्या की ५ चा सिग्नल आधी पडतो आणि फोन २.४ वर येतो.

जुनं नाव द्यायचं नसेल तर डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता बटण दाबून जोडणी) वापरा. प्रिंटरचं वायफाय बटण तीन ते पाच सेकंद दाबून धरा, दिवा लुकलुकायला लागला की सोडा, आणि दोन मिनिटांच्या आत राउटरचं डब्ल्यूपीएस बटण दाबा. दोन मिनिटं गेली की खिडकी बंद, पुन्हा पहिल्यापासून. राउटर नुसत्या डब्ल्यूपीए-३ वर असेल किंवा वायफायचं नाव लपवलेलं असेल तर डब्ल्यूपीएस चालत नाही. कंपनीकडून आलेल्या बऱ्याच राउटरांत ते सेटिंगमध्ये बंद असतं, तिथे बटण दाबून काहीच होत नाही. आधी चालू करा, काम झालं की परत बंद करा. शेजाऱ्यांच्या भिंतीपलीकडे ते उघडं ठेवणं बरं नाही.

कोयनाकाठ

सगळ्यांचे आभार. डायरेक्टवालं नाव फोनमध्ये दिसलं, म्हणजे रेडिओ ठीक आहे. राउटरमध्ये २.४ आणि ५ दोन्हींना डब्ल्यूपीए-३ च होतं. २.४ ला डब्ल्यूपीए-२ एईएस, चॅनेल ६ आणि जुनंच नाव-पासवर्ड दिलं. अर्ध्या मिनिटात निळा दिवा स्थिर झाला.

पण छपाई अजून कुठूनच होत नाही. नेटवर्कच्या पानावर आता हे आहे:

स्थिती: कनेक्टेड
आयपी पत्ता: १९२.१६८.०.४५
सबनेट मास्क: २५५.२५५.२५५.०
गेटवे: १९२.१६८.०.१
पत्ता मिळवण्याची पद्धत: मॅन्युअल

लॅपटॉपचा पत्ता १९२.१६८.१.७, राउटर १९२.१६८.१.१. तारतम्य म्हणतात तो तिसरा आकडा जुळत नाही, प्रिंटरचा ० आणि बाकी सगळ्यांचा १. प्रिंटरचं पान ब्राउझरमध्ये उघडत नाही.

तारतम्य

मग दुखणं सापडलंच. ‘मॅन्युअल’ या शब्दात सगळं आहे. जुन्या राउटरवर कुणीतरी प्रिंटरला पक्का पत्ता घालून ठेवलाय. जुनं नाव दिल्यावर प्रिंटरने जुनी सगळीच सेटिंग जशीच्या तशी उचलली, पत्त्यासकट. राउटरला तो वायफायने जोडलेला आहे, म्हणून दिवा स्थिर. पण पत्ता जुन्या गल्लीचा. मास्क २५५.२५५.२५५.० म्हणजे पहिले तीन आकडे गल्लीचे आणि शेवटचा घराचा. गल्लीच वेगळी, त्यामुळे लॅपटॉप त्याला शोधायला राउटरच्याही बाहेर जातो.

यावर तीन मार्ग आहेत.

पहिला: प्रिंटरचं फक्त नेटवर्क रीसेट करा. बटणांची जोडी मॅन्युअलमध्ये असते. त्याने पत्ता परत डीएचसीपीवर (राउटरने आपोआप पत्ता देण्याची पद्धत) जातो, मात्र वायफायचं नावही पुसलं जातं. मग निळी_वायर यांनी सांगितल्याप्रमाणे डब्ल्यूपीएस. तुमच्यासाठी हाच बरा.

दुसरा: फोन प्रिंटरच्या डायरेक्ट नावाला जोडून ॲपमधून किंवा ब्राउझरमधून प्रिंटरची सेटिंग उघडा आणि पत्ता ‘ऑटो’ किंवा ‘डीएचसीपी’ करा. डायरेक्टचा पासवर्ड नेटवर्कच्या पानावरच छापलेला असतो. फोन ‘इंटरनेट नाही’ अशी तक्रार करेल, तरी त्याच जोडणीवर राहा.

तिसरा: लॅपटॉपच थोडा वेळ जुन्या गल्लीत न्या. विंडोज आणि आर एकदम दाबून ‘एनसीपीए.सीपीएल’ टाइप करा, वायफायवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, आयपीव्ही४. तिथे पत्ता १९२.१६८.०.१०, मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे कोरा. इंटरनेट जाईल, पण १९२.१६८.०.४५ उघडेल. प्रिंटरवर डीएचसीपी लावा आणि लॅपटॉप परत ‘आपोआप’वर आणा. हे विसरलात तर इंटरनेटसाठी वेगळा प्रश्न विचारावा लागेल.

त्यानंतर पत्ता पक्का करायचाच, पण प्रिंटरमध्ये नको, राउटरमध्ये करा. डीएचसीपीच्या पानावर ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ किंवा ‘स्टॅटिक लीज’ असतं. तिथे प्रिंटरचा मॅक पत्ता आणि हवा तो आयपी, समजा १९२.१६८.१.५०, लिहून जतन करा आणि प्रिंटर बंद-चालू करा. पुढे राउटर पुन्हा बदलला तर प्रिंटर नव्या राउटरकडून मुकाट नवा पत्ता घेईल, आत्तासारखा अडकणार नाही.

जिथे वीज वरचेवर जाते तिथे हे रिझर्व्हेशन फार उपयोगी पडतं. वीज येते तेव्हा प्रिंटर आणि राउटर एकदमच सुरू होतात. राउटर उभा राहायला दोन-तीन मिनिटं घेतो, आणि कुणाला कुठला पत्ता दिला होता याची यादी काही राउटर तेवढ्यात विसरलेले असतात. मग प्रिंटरचा कालचा पत्ता आज एखाद्या फोनला जातो आणि लॅपटॉप त्या फोनकडे छपाई पाठवत बसतो. राउटर इन्व्हर्टरवर आणि प्रिंटर साध्या लाइनवर असेल तर हा त्रास बराच कमी होतो.

सांधेजोड

धागा इतर वाचकांनाही उपयोगी पडेल म्हणून: तिसरा आकडा न जुळण्याचं दुसरं कारण म्हणजे घरात दोन राउटर असणं. फायबरच्या डब्याचं स्वतःचं वायफाय असतं आणि त्यापुढे आपण विकत घेतलेला राउटर लावतो. प्रिंटर एकावर, लॅपटॉप दुसऱ्यावर, की हीच अवस्था. तिथे पत्ते बदलत बसू नका. आपला राउटर ‘ॲक्सेस पॉइंट’ मोडवर टाका, म्हणजे तो नुसतं वायफाय पुरवेल, पत्ते वाटणार नाही. मोड नसेल तर त्याचं डीएचसीपी बंद करा, त्याचा स्वतःचा पत्ता फायबरच्या डब्याच्याच गल्लीतला पण वेगळा द्या, आणि केबल वॅनऐवजी (इंटरनेटसाठीचं वेगळं पोर्ट) लॅन पोर्टमध्ये लावा.

‘गेस्ट’ वायफायवर प्रिंटर कधीही ठेवू नका. गेस्टवरची उपकरणं घरच्या उपकरणांना दिसू द्यायची नाहीत, हाच तर त्याचा उद्देश.

कोयनाकाठ

पहिला मार्ग घेतला. नेटवर्क रीसेट, मग राउटरमध्ये डब्ल्यूपीएस चालू करून जोडणी. राउटरमध्ये १९२.१६८.१.५० राखून ठेवला. पानावर आता तोच पत्ता आहे, पद्धत डीएचसीपी. दोन्ही फोनवरून आणि आयपॅडवरून छपाई झाली.

लॅपटॉपवर मात्र प्रिंटर अजून ‘ऑफलाइन’. पिंग (प्रिंटर उत्तर देतो का हे पाहणारी कमांड) केल्यावर चारही उत्तरं येतात, ३ ते ६ मिलिसेकंद. रांगेत सात कामं अडकली आहेत, कॅन्सल केलं तरी ‘डिलीटिंग’वरच थांबतात.

निळी_वायर

पिंगला उत्तर येतंय म्हणजे वायफायचा विषय संपला. आता जे आहे ते विंडोजच्या आत.

आधी रांग साफ करा. कमांड प्रॉम्प्ट ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडून ‘नेट स्टॉप स्पूलर’ (स्पूलर म्हणजे छपाईची रांग सांभाळणारा विंडोजचा भाग). मग विंडोजच्या सिस्टम३२ मध्ये स्पूल आणि त्यात प्रिंटर्स या फोल्डरमधल्या फायली पुसा. फोल्डर नको, फक्त आतल्या फायली. नंतर ‘नेट स्टार्ट स्पूलर’. (कमांड अर्थातच इंग्रजीत टाइप करायच्या.)

मग पोर्ट. सेटिंग्ज, ब्लूटूथ अँड डिव्हायसेस, प्रिंटर्स अँड स्कॅनर्स, तुमचा प्रिंटर, ‘प्रिंटर प्रॉपर्टीज’, ‘पोर्ट्स’. ज्या ओळीवर खूण आहे ती वाचा. तुमच्याकडे बहुधा १९२.१६८.०.४५ असेल किंवा डब्ल्यूएसडीने सुरू होणारं लांबलचक नाव. पहिलं असेल तर विंडोज अजून जुन्या पत्त्यावर टपाल टाकतंय. दुसऱ्यात विंडोज दर वेळी घरभर हाक मारून प्रिंटर शोधतं. हाकेला उत्तर आलं नाही की ‘ऑफलाइन’, मग पिंग कितीही चांगला येवो.

‘ॲड पोर्ट’, ‘स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट’, पत्ता १९२.१६८.१.५०. खूण नव्या ओळीवर आली का पाहून ‘अप्लाय’. मग त्याच ओळीवर ‘कॉन्फिगर पोर्ट’ उघडा. प्रोटोकॉल ‘रॉ’, पोर्ट ९१०० असायला हवा. खाली ‘एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड’ अशी चौकट दिसेल, तिच्यातली खूण काढा. त्या मार्गाने विंडोज प्रिंटरची खुशाली विचारतं, आणि घरगुती प्रिंटर उत्तर देत नसेल तर चालू प्रिंटरही बंद धरतं. स्वस्त मॉडेलांत कायमचं ‘ऑफलाइन’ दिसण्याचं हे एक ठरलेलं कारण आहे.

तरीही नाही झालं तर तीन ठिकाणं पाहा. रांगेच्या जुन्या खिडकीत ‘यूज प्रिंटर ऑफलाइन’वर खूण आहे का. यादीत त्याच नावापुढे ‘कॉपी १’ लावलेला दुसरा प्रिंटर आहे का, असेल तर छपाई चुकीच्याकडे जात असेल. केबलने जोडला होता तेव्हा यूएसबीची वेगळी नोंद झालेली असणार, तीही बघा. आणि लॅपटॉपवर ऑफिसचं व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारं सॉफ्टवेअर) चालू असेल तर बंद करून बघा, काही व्हीपीएन घरातल्या पत्त्यांचा रस्ताच बंद करतात.

कोयनाकाठ

पोर्टवर १९२.१६८.०.४५ च होता. नवा पोर्ट घातला, एसएनएमपीची खूण काढली, चाचणी पान लगेच आलं. ‘कॉपी १’ पण होता, काढून टाकला.

एकच राहिलं. लॅपटॉपवरून स्कॅन होत नाही, स्कॅनर सापडला नाही म्हणतं. फोनवरून स्कॅन होतं.

तारतम्य

स्कॅनिंग छपाईच्या पोर्टवरून जात नाही. कंपनीचं स्कॅनचं सॉफ्टवेअर स्वतःकडे वेगळा पत्ता लिहून ठेवतं, आणि तिथे अजून ०.४५ असेल. त्याच्या सेटिंगमध्ये ‘स्कॅनर सिलेक्शन’ किंवा ‘नेटवर्क स्कॅनर’ उघडून जुनी नोंद काढा आणि ‘ॲड’मध्ये १९२.१६८.१.५० हाताने द्या. आपोआप शोधायला सांगितलं आणि सापडला नाही, तर विंडोजने घरचं वायफाय ‘पब्लिक’ धरलंय का पाहा. नेटवर्क अँड इंटरनेट, वायफाय, जोडणीच्या प्रॉपर्टीज, तिथे ‘प्रायव्हेट’ करा. राउटर नवा असला की विंडोज त्याला नवंच नेटवर्क समजतं आणि सहसा ‘पब्लिक’ लावतं. मग फायरवॉल शोधाशोध अडवते, पण थेट पत्त्यावरची छपाई जाऊ देते. तुमचं लक्षण नेमकं तेच आहे.

आणि राउटरमधलं डब्ल्यूपीएस बंद करायचं राहिलं असेल तर तेही आत्ताच करून टाका.